‘मला वसतिगृहात परत जायचं नाही’

दिवाळीची सुट्टी संपत आली, की निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी पेट्या भरायला सुरुवात होते. फराळाचा डबा, नवा टॉवेल, वह्या, साबण. नेमके त्याच वेळी एखाद्या मुलाचे पोट दुखू लागते. डोके दुखते, उलटी होते, अंथरूण ओले करण्याची कधीच सुटलेली सवय परत येते. गावातले डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही, जंताचे औषध देतात. आईवडील समजूत काढतात, ‘सुरुवातीला सगळ्यांनाच घरची आठवण येते’, आणि मुलाला एसटीत बसवून देतात.

बहुतेक वेळा ती घरची आठवणच असते. पण काही वेळा ते पोटदुखणे म्हणजे सांगता न येणारी गोष्ट सांगण्याचा प्रयत्न असतो. वसतिगृहात कोणीतरी त्या मुलाशी नको ते वागत असते. तो शिक्षक असेल, अधीक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी किंवा वरच्या वर्गातला मुलगा असेल. घरातल्या मुलावर अत्याचार झाला, तर निदान शेजारी, मामा, मावशी अशी माणसे आसपास असतात. वसतिगृहातल्या मुलाचे जेवण, झोप, औषध, फोन, घरी जाण्याची परवानगी हे सारे संस्थेच्या हातात असते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याकडेच किल्ल्या असतात. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काही अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे, नवोदय विद्यालये, खासगी निवासी शाळा, क्रीडा प्रबोधिनी, वेदपाठशाळा आणि मदरसे वेगळेच. लाखो मुले वर्षातले दहा महिने घराबाहेर राहतात.

कायद्याने या मुलांसाठी बरीच दारे उघडी ठेवली आहेत आणि त्यातले एकही दार मुख्याध्यापकांच्या खोलीतून जात नाही. हीच गोष्ट पालकांना आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही माहीत नसते.

मूल लगेच का सांगत नाही?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. बहुतेकांनी तोवर कोणाकडेही तक्रार केलेली नव्हती.

यामागे शरीरशास्त्र आहे आणि परिस्थितीही. अतिभीतीच्या क्षणी माणूस लढतो, पळतो किंवा गोठतो. लहान मुलासमोर मोठा, ओळखीचा, अधिकार असलेला माणूस असेल तर गोठणे हीच सर्वांत जास्त दिसणारी प्रतिक्रिया असते. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. पुढे ‘मी ओरडलो का नाही?’ ही अपराधी भावना मुलाला पोखरत राहते. अत्याचार करणारा बहुधा आधी विश्वास कमावतो. जास्तीचा खाऊ देतो, मोबाइल वापरू देतो, परीक्षेत मदत करतो. मग ‘सांगितलेस तर शाळेतून नाव काढतील’ अशी धमकी येते. गरीब घरातल्या मुलाला ही धमकी पुरते. आपण शिकलो नाही तर घर कसे वर येईल, हे त्याला कळत असते.

भीतीच्या काळातल्या आठवणीही सरळ रेषेत राहत नाहीत. वास, आवाज, खोलीतला एखादा तपशील लख्ख आठवतो, पण तारीख किंवा क्रम विसरतो. त्यामुळे मूल दोन वेळा सांगताना थोडे वेगळे सांगते. हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग या निकालातच सांगितले आहे, की लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात फिर्याद उशिरा झाली एवढ्यानेच ती संशयास्पद ठरत नाही आणि पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर एकट्या त्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते.

राजुऱ्याच्या खटल्याने काय शिकवले?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचा गुन्हा २०१९ मध्ये नोंदवला गेला. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आरोप ठेवला गेला. अत्याचाराची माहिती मिळूनही त्यांनी पोलिसांना कळवले नाही, असा तो आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डॉक्टरविरुद्धची कारवाई रद्द केली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवून डॉक्टरविरुद्धची कारवाई पुन्हा मार्गी लावली. डॉक्टर दोषी आहेत की नाहीत, हे ठरवण्याची जागा खटला हीच आहे. पण माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि अशा गप्प राहण्यातून बहुधा गुन्हेगाराला वाचवले जाते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हा निकाल प्रत्येक डॉक्टरने, परिचारिकेने आणि शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे ‘पोक्सो’, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या, मग पोलिसांचे बघू’ असे म्हणण्याची सोय या कायद्यात नाही. विभागीय चौकशी, निलंबन, बदली ही कारवाई स्वतंत्र आहे. ती फिर्यादीची जागा घेत नाही. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात संस्थाचालकांवरही पोलिसांना न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला, तो याच तरतुदीखाली.

फिर्याद कुठे आणि कशी?

मूल सुट्टीत घरी आल्यावर बोलते. शाळा दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. ‘गुन्हा जिथे घडला तिथे जा’ असे पोलीस सांगतात आणि पालक हताश होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. घराजवळच्या ठाण्याने ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोक्सोची खबर न नोंदवणे हा पोलिसांसाठीही गुन्हा आहे.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या वेशात, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या उपस्थितीत. कोणत्याही मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. मुलासोबत तपासापासून निकालापर्यंत राहणारी सहायक व्यक्ती ही समिती नेमू शकते. पालकांनी ती मागून घ्यावी. शाळा बदलणे, राहण्याची सुरक्षित सोय, समुपदेशन यासाठी हीच समिती उपयोगी पडते.

न्यायालयात मुलाला आरोपीसमोर उभे केले जात नाही. सुनावणी बंद दाराआड होते, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात आणि मुलाचे नाव, गाव, शाळा, छायाचित्र छापण्यास बंदी आहे. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक खटले जास्त वेळ घेतात, याची मनाची तयारी ठेवावी.

गुन्हा कशाला म्हणायचे?

‘तसे काही झाले नाही, फक्त हात लावला’ हे वाक्य वसतिगृहाच्या कार्यालयात हमखास ऐकू येते. कायदा तसे मानत नाही. लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा गुन्हा आहे. नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाबाबत दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. त्वचेचा त्वचेला स्पर्श व्हायलाच हवा असे नाही. अश्लील चित्रफीत दाखवणे, अंघोळीच्या वेळी डोकावणे, अश्लील बोलणे हेही लैंगिक छळाच्या व्याख्येत बसते.

हा कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. मुलांच्या वसतिगृहातील अत्याचार ‘मस्करी’ किंवा ‘रॅगिंग’ म्हणून सोडून दिले जातात, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे. १८ वर्षांखालील मुलाची ‘संमती’ कायद्याला मान्य नाही. शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचाऱ्याने संस्थेतल्याच मुलावर अत्याचार केला, तर गुन्हा अधिक गंभीर ठरतो. त्यात शरीरप्रवेश असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षे सश्रम कारावास, आणि तो उरलेल्या आयुष्यभराच्या कैदेपर्यंत किंवा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकतो. इतर प्रकारच्या स्पर्शासाठी अशा माणसाला ५ ते ७ वर्षे. अत्याचार करणारा स्वतः १८ वर्षांखालचा विद्यार्थी असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. तिथे भर सुधारणेवर असतो, पण तक्रार करण्याचा पीडित मुलाचा हक्क कमी होत नाही.

गावातली माणसे बसून तडजोड करतात, त्याला किंमत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा दोन्ही बाजूंत समझोता झाला म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आदेश बाजूला सारला. असा गुन्हा एका कुटुंबापुरता खासगी नसतो, हे त्यामागचे सूत्र आहे.

आधी दवाखाना

घटना ताजी असेल तर पहिली धाव दवाखान्यात घ्यावी. कोणत्याही सरकारी किंवा खासगी रुग्णालयाने लैंगिक अत्याचाराच्या पीडितावर तातडीने आणि मोफत उपचार करायलाच हवेत. नकार देणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. त्यासाठी पोलिसांचे किंवा शाळेचे पत्र लागत नाही, आधी फिर्याद झालेली असावी अशी अटही नाही.

इथे घड्याळ महत्त्वाचे असते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. तातडीचे गर्भनिरोधक जितके लवकर तितके चांगले, फार तर ५ दिवसांपर्यंत. कावीळ ‘ब’ची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, लैंगिक संसर्गांवरील औषधे गरजेप्रमाणे देतात. गर्भ राहिला असल्यास अल्पवयीन मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने करता येतो. त्यापुढे न्यायालयात जावे लागते, म्हणून पाळी चुकल्याची नोंद लपवू नये.

शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. तपासणीपूर्वी मुलाला अंघोळ घालू नये. त्या वेळचे कपडे न धुता, वाळवून, कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. पण अंघोळ झाली, कपडे धुतले, आठवडे उलटले म्हणून दवाखाना टाळू नये. उपचार तेव्हाही लागतात आणि मुलाने डॉक्टरांना सांगितलेली हकिगत नोंदीत येते.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत हवी. १२ वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती घेतली जाते आणि त्याने तपासणी नाकारली तरी उपचार थांबवता येत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय आणि अपमानकारक आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरावे असे बजावले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तपासणीत जखम न सापडणे याचा अर्थ अत्याचार झाला नाही असा होत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या अंगावर तपासणीच्या वेळी कोणतीही खूण नसते. स्पर्शाची खूण उरत नाही, आणि असलेल्या जखमाही मुलांमध्ये लवकर भरून येतात.

वीस वर्षांनी बोलायचे असेल तर?

अनेकजण निवासी शाळा सोडल्यावर, लग्न झाल्यावर, स्वतःचे मूल शाळेत घालायची वेळ आल्यावर पहिल्यांदा बोलतात. त्यांच्यासाठीही मार्ग आहे. लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल सज्ञान झाल्यावर कोणत्याही वयात पोक्सोखाली तक्रार करता येते, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. फौजदारी कायद्यातली मुदतीची अट ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे. त्याहून गंभीर गुन्ह्यांना ती लागू होत नाही.

मात्र एक मर्यादा आहे. नवा फौजदारी कायदा मागच्या घटनांना लावता येत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पूर्वीच्या घटनांसाठी तेव्हाची भारतीय दंडसंहिता लागते. बलात्काराचे कलम ३७६ आणि मुलग्यांच्या बाबतीत कलम ३७७ यांना मुदत नाही. पण विनयभंगाच्या कलम ३५४ ला तेव्हा २ वर्षांपर्यंतच शिक्षा होती, म्हणून त्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे. ती उलटल्यावर न्यायाच्या हितासाठी उशीर माफ करावा, अशी विनंती न्यायालयाला करावी लागते.

जुन्या प्रकरणात शरीरावरचा पुरावा नसतो. तिथे कागद आणि माणसे बोलतात. शाळा सोडल्याचा दाखला, वसतिगृहाची हजेरी, घरी लिहिलेली पत्रे, दवाखान्याचे जुने कागद, तेव्हा एखाद्या मैत्रिणीला किंवा भावाला सांगितलेली गोष्ट. त्याच माणसाने इतरांनाही त्रास दिला असेल, तर वर्गमित्रांच्या साक्षी फार मोलाच्या ठरतात. तो माणूस आजही मुलांमध्ये काम करत असेल, तर उशिरा केलेली तक्रारही आजच्या मुलांना वाचवते.

खटल्यात आरोपीला शिक्षा होईलच असे नाही. पोक्सोत न्यायालयाने आरोपीविरुद्ध गृहीतक धरण्याची तरतूद आहे, तरी घटनेचा पाया सरकारी पक्षाला आधी सिद्ध करावा लागतो. बोलायचे की नाही, कधी बोलायचे, हा सज्ञान पीडिताचा स्वतःचा निर्णय आहे. फिर्यादीआधी मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची मदत घेतल्यास पुढचा ताण पेलणे सोपे जाते. झोप न लागणे, अचानक धडधडणे, शाळेचे नाव निघताच घाम फुटणे, नात्यांत जवळीक नकोशी वाटणे ही आघातानंतरच्या विकाराची लक्षणे असू शकतात. त्यावर परिणामकारक उपचार आहेत, मग खटला लढवा किंवा न लढवा.

भरपाई आणि वकील

विशेष न्यायालय खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते, आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरीही. आदेशानंतर ३० दिवसांत राज्य सरकारने रक्कम द्यायची असते. प्रवास, कपडे, अन्न अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती वेगळी मदत सुचवू शकते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

संस्थेविरुद्ध दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावाही करता येतो. तिथे मात्र घड्याळ कडक आहे. मूल अज्ञान असताना घडलेल्या गोष्टीची मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजतात, पण ही सवलत १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून जास्तीत जास्त ३ वर्षांची आहे. शाळा सरकारी असेल तर मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा मार्गही आहे. वकिलाच्या फीची चिंता नको. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करावा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.

मूल बोलते तेव्हा

बोलणाऱ्या मुलासमोर ‘नक्की का?’, ‘तू का गेलास तिथे?’ असे प्रश्न नकोत. शांतपणे ऐकावे. ‘सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे म्हणावे. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये, त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. मूल झोपल्यावर त्याचेच शब्द तारखेसह वहीत उतरवून ठेवावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आश्रमशाळांत तपासणीला जातात, गावातले डॉक्टर सुट्टीत आलेल्या मुलांना पाहतात. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाला अधीक्षक किंवा शिक्षक बाहेर उभे असताना तपासू नये. पाच मिनिटे एकट्याशी बोलावे आणि ‘वसतिगृहात रात्री भीती वाटते का?’ एवढे विचारावे.

आणि घरी मुलाने ‘मला परत जायचं नाही’ म्हटले, तर पेटी तशीच राहू द्यावी. त्याच्याशेजारी बसावे. त्या दिवशीची एसटी चुकली तरी चालेल.